मागणी, मंजुरी आणि ताबा

संगणकाची स्मृती मर्यादित असते आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या आज्ञावल्या मात्र अनेक असतात. या वाटणीचा कारभार कोणी पाहावा, हा प्रश्न फार जुना आहे.

प्रारंभी तो भार आज्ञावली लिहिणाऱ्यावरच असे. मुख्य स्मृतीत न मावणारा मजकूर फिरत्या चुंबकीय पिंपावर केव्हा ठेवावा व केव्हा परत आणावा, याचा हिशेब त्यालाच करावा लागे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात ‘ॲटलस’ संगणक सुरू झाला आणि हे ओझे उतरले. टॉम किल्बर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतीची ५१२ शब्दांची ‘पाने’ पाडली. हवे ते पान मुख्य स्मृतीत नसल्यास यंत्रच ते पिंपावरून आणू लागले. आज्ञावलीला भासणारी जागा वेगळी आणि प्रत्यक्ष जागा वेगळी, असा भेद येथे रूढ झाला.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही कारभारी प्रणाली रचली. तिच्या १९७१ च्या माहितीपुस्तकात ‘ब्रेक’ नावाची विनंती आढळते. शेताचा बांध परवानगीने पुढे सरकवावा, तशी आज्ञावली तिच्याद्वारे आपली सीमा वाढवीत असे. मात्र प्रत्येक लहान गरजेसाठी कारभाऱ्याकडे जाणे वेळखाऊ. म्हणून ठोक जागा एकदाच घ्यायची आणि किरकोळीने वाटायची, हा प्रघात पडला. ‘मॅलॉक’ हे त्या किरकोळ वाटपाचे प्रसिद्ध साधन होय.

आजच्या ‘लिनक्स’मध्ये मंजुरी सहज मिळते, पण पानाचा ताबा मिळतो तो त्याला प्रथम हात लावल्यावर. सगळेच मंजूर जागा वापरत नाहीत, या भरवशावर शिलकीहून अधिक मंजुऱ्या दिल्या जातात. भरवसा फसला, तर कारभारी एखादी चालती आज्ञावली बंद पाडतो. निवड करताना तो मुख्यतः वापरलेली स्मृती पाहतो. त्यामुळे शेवटचे पान मागणारी लहान आज्ञावली वाचते आणि दिवसभर इमानाने काम करणारी मोठी बळी पडते.

शिलकीच्या हिशेबानेच मंजुरी देण्याचा कडक नियमही तेथे लावता येतो. त्यात काही जागा पडून राहते. परंतु नकार मिळायचा तो मागणीच्या वेळीच मिळतो, आणि वेळीच मिळालेल्या नकारातून मार्ग काढता येतो.