ड्रायव्हर, अपडेट आणि मालकाची संमती : घरगुती संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाला जोडलेले प्रत्येक साधन, मग तो प्रिंटर असो, ध्वनीचे कार्ड असो वा वेबकॅम, ऑपरेटिंग सिस्टीमशी थेट बोलू शकत नाही. दोघांच्या मध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या लहानशा प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. पेशवे दरबारात फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस बदलला, तर पत्र पाठवणारा आणि वाचणारा तेच राहूनही मजकुराचा अर्थ बदलण्याचा धोका असे. ड्रायव्हरचेही तसेच आहे. फरक इतकाच की दरबारात पारसनीस कोणी नेमायचा हे ठाऊक असे; घरातील संगणकावर नवा ड्रायव्हर कोण, केव्हा आणि कोणाला विचारून बसवतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांत अनेकदा बदलले आहे. या बदलाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीचे एक प्रसिद्ध प्रकरण घरातील नसून प्रयोगशाळेतील आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर मिळाला. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतः सुधारून घेतला होता; कागद अडकला की वापरणाऱ्यांना तशी सूचना मिळे. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रामची मूळ संहिताच उपलब्ध नसल्याने ही सोय करता येईना, आणि ज्याच्याकडे ती होती त्याने ती देण्यास नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागे या अनुभवाचा वाटा होता, असे ते स्वतः सांगत आले आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची एक मुळी अशी ड्रायव्हरच्या वादात आहे.

घरगुती संगणकावर याच काळात परिस्थिती अगदी उलट होती. १९८३ च्या एम.एस. डॉस २.० पासून बाहेरचे ड्रायव्हर बसवण्याची सोय झाली. पण त्यासाठी एका विशिष्ट फाइलमध्ये मालकालाच ओळ लिहावी लागे. वर्ड प्रोसेसरचा प्रिंटर ड्रायव्हर वेगळा, खेळांसाठी ध्वनी कार्डाची निवड वेगळी. काम किचकट होते, चुका होत. मात्र मालकाच्या नकळत काहीच बदलत नसे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि 'प्लग अँड प्ले' हा शब्द रूढ झाला. साधन जोडावे, बाकी संगणक पाहून घेईल, असे आश्वासन होते. ते नेहमीच पाळले गेले नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समक्ष विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडला गेला आणि भल्यामोठ्या पडद्यावर निळी पाटी अवतरली.

त्याच विंडोज ९८ बरोबर 'विंडोज अपडेट' हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर दुरुस्त्या मिळत, तसे काही ड्रायव्हरही मिळत. परंतु तेथे जाणे, यादी पाहणे आणि निवडणे हे मालकाच्या हाती होते. भारतात तर या सोयीचा उपयोग मर्यादितच राहिला. घरोघरी असलेले बहुसंख्य संगणक स्थानिक विक्रेत्याने सुटे भाग जुळवून दिलेले असत आणि मदरबोर्डची सीडी हाच ड्रायव्हरचा एकमेव साठा असे. ती हरवली की विक्रेत्याचे दुकान गाठावे लागे. डायल-अप जोडणीचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट. या वेगाने २० मेगाबाइटची फाइल उतरवण्यास उत्तम स्थितीतही पाऊण तासाहून अधिक वेळ लागे, आणि टेलिफोनचे बिल वेगळे. 'चालते आहे ना, मग हात लावू नका' हा संगणक दुरुस्त करणाऱ्यांचा सल्ला या परिस्थितीतून आला होता. तो अज्ञानाचा सल्ला नव्हता.

तरीही ड्रायव्हर ही संगणकातील सर्वांत कच्ची बाजू आहे, हे अभ्यासकांच्या लक्षात येत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, तपासणी केली. ड्रायव्हरमध्ये चुकांचे प्रमाण उर्वरित भागाच्या तुलनेत काही बाबतीत तीन ते सात पट आढळले. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील स्विफ्ट, बर्शड आणि लेव्ही यांच्या शोधनिबंधात विंडोज एक्सपी बंद पडण्याच्या नोंदवलेल्या घटनांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होत असल्याचा आकडा देण्यात आला. कारण स्पष्ट आहे. ड्रायव्हर बाहेरच्या कंपनीचा असतो, पण बहुधा तो कर्नलच्या आत, सर्वाधिकार घेऊन चालतो. त्याची एक चूक संपूर्ण यंत्र थांबवू शकते.

यावर मायक्रोसॉफ्टने योजलेले पहिले उपाय समंजस होते, असेच म्हणावे लागेल. विंडोज २००० मध्ये ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरीची पद्धत आली. विंडोज एमईमध्ये संगणक मागील तारखेच्या स्थितीत नेण्याची सोय मिळाली. ऑक्टोबर २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये नवा ड्रायव्हर काढून जुना परत बसवण्याचे बटणच देण्यात आले. येथे निर्णय मालकाचा होता आणि चुकलेला निर्णय फिरवण्याचा मार्गही खुला होता. स्वाक्षरीची मर्यादा मात्र पुढे उघड झाली. ड्रायव्हर कोणाकडून आला एवढेच स्वाक्षरी सांगते. तो चांगला आहे की नाही हे सांगत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामचे ड्रायव्हर दोन नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी स्वाक्षरित होते.

चित्र पालटले ते २००३ च्या उन्हाळ्यात, आणि त्याचे कारण ड्रायव्हर नव्हतेच. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती प्रसिद्ध केली. ११ ऑगस्टला त्याच त्रुटीचा फायदा घेणारा ब्लास्टर हा 'वर्म' जगभर पसरला. दुरुस्ती २६ दिवस आधी उपलब्ध असूनही असंख्य घरांतील संगणकांवर ती बसवलेली नव्हती. मालकावर सोडले तर तो काही करत नाही, हा निष्कर्ष यातून निघाला आणि तो चुकीचा नव्हता. ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने स्वयंचलित अपडेट चालू ठेवण्याचा आग्रह धरला. सुरक्षेसाठी मालकाच्या संमतीला वळसा घालणे योग्य ठरू लागले. हा अधिकार एका कारणासाठी मिळाला होता. पुढे तो दुसऱ्याच कामासाठी वापरला गेला, ही या इतिहासातील कळीची बाब आहे. सुरक्षेची दुरुस्ती सर्वांना सारखीच लागू असते आणि ती लांबवणे इतरांनाही घातक असते. ड्रायव्हर त्या त्या यंत्रापुरता असतो, आणि नीट चालणारा ड्रायव्हर न बदलल्याने बहुधा कोणाचे नुकसान होत नाही. या दोन भिन्न गोष्टी हळूहळू एकाच नळातून येऊ लागल्या.

विंडोज व्हिस्टाच्या वेळी नव्या ड्रायव्हरचा धोका किती असतो हे आकड्यांनिशी दिसले. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार २००७ मधील व्हिस्टाच्या नोंदलेल्या अपयशांपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे आणि १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राममुळे होती. व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीत कर्नलमधील ड्रायव्हरला स्वाक्षरी सक्तीची झाली आणि ३२ बिटचे जुने ड्रायव्हर तेथे चालेनासे झाले. याची झळ आपल्याकडील छोट्या डी.टी.पी. व्यवसायालाही लागली. मराठी आणि उर्दू अक्षरजुळणीची काही सॉफ्टवेअरे संगणकाच्या मागे लावायच्या हार्डवेअर कुलपावर, म्हणजे डोंगलवर, चालत. डोंगललाही ड्रायव्हर लागतो. नव्या विंडोजवर तो मिळाला नाही, तर पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरे. जुना संगणक केवळ अक्षरजुळणीसाठी कोपऱ्यात सांभाळून ठेवण्याची रीत अशी पडली.

ऑक्टोबर २०१४ मधील प्रकरण याहून गंभीर आहे आणि त्याची नोंद सविस्तर घ्यायला हवी. स्कॉटलंडमधील एफ.टी.डी.आय. ही कंपनी यू.एस.बी. आणि सिरियल जोडणी यांना सांधणारी चिप बनवते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगाच्या सर्किटपासून कारखान्यातील उपकरणांपर्यंत ती सर्वत्र असते, आणि म्हणूनच तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्गे संगणकांवर पोहोचला. जोडलेली चिप नकली आढळली की हा ड्रायव्हर तिच्यातील ओळखक्रमांक शून्य करून टाकी. त्यानंतर ते साधन केवळ त्याच नव्हे, तर दुसऱ्या संगणकावरही ओळखले जात नसे. नकलेविरुद्ध कंपनीची तक्रार रास्त होती, यात शंका नाही. परंतु शिक्षा झाली ती नक्कल करणाऱ्याला नव्हे. दुकानातून तयार वस्तू विकत घेणाऱ्या ग्राहकाला आतील चिप कोणाची आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता. त्याने अपडेट सुरक्षेसाठी चालू ठेवले होते. त्याच वाटेने कोणीतरी घरात येऊन त्याची वस्तू बंद पाडून गेले. टीकेची झोड उठल्यावर काही दिवसांतच हा ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून मागे घेण्यात आला.

या घटनेला वर्ष होण्याआधीच, २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० आले. त्याच्या होम आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सोय नव्हती, आणि ड्रायव्हरही त्यातच होते. प्रकाशनाच्या काही दिवस आधी विंडोज अपडेट आणि एनव्हिडियाचा स्वतःचा प्रोग्राम यांच्यात ड्रायव्हरवरून झगडा होत असल्याच्या तक्रारी आल्या. मालकाने जुना ड्रायव्हर परत बसवला, तर पुढच्या तपासणीत नको असलेला ड्रायव्हर पुन्हा हजर. एक्सपीने दिलेले बटण जागेवर होते. त्याचा अर्थ मात्र हरवला होता. मायक्रोसॉफ्टने नको ते अपडेट लपवण्यासाठी एक छोटे साधन वेगळे उपलब्ध केले. ते शोधून उतरवण्याचे काम मालकाचेच.

विंडोज दोन ड्रायव्हरपैकी एक कसा निवडते हेही पाहण्यासारखे आहे. स्वाक्षरी कोणाची आहे आणि ड्रायव्हर त्या साधनाशी किती नेमका जुळतो, यांवरून क्रम लागतो. तेथे बरोबरी झाली तर नवी तारीख जिंकते. म्हणून विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरवर मुद्दाम २१ जून २००६ ही जुनी तारीख घातलेली असते, जेणेकरून उत्पादकाचा ड्रायव्हर वरचढ ठरावा. इंटेलने तर चिपसेटच्या माहितीफाइलींवर १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनीच्या स्थापनेची तारीख घातली. ड्रायव्हरवरील तारीख पाहून तो किती जुना हे ठरवणाऱ्या मालकाची यामुळे फसगत होते. हे कालमापन नसून अग्रक्रमाची सोय आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना बनावट तारखेची कागदपत्रे नवी नाहीत. येथे निदान हेतू प्रामाणिक आहे.

पुढील सवलती तुकड्यातुकड्याने मिळाल्या. २०१६ च्या १६०७ आवृत्तीत विंडोजच्या अपडेटमधून ड्रायव्हर वगळण्याचे धोरण आले, पण ज्या संपादकातून ते लावायचे तो प्रो आणि वरच्या आवृत्त्यांतच असतो. २०१९ मध्ये होमवाल्यांना अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येऊ लागले. २०२० पासून अनेक ड्रायव्हर ऐच्छिक अपडेटच्या वेगळ्या यादीत दिसू लागले, आणि तेच त्यांचे योग्य स्थान होते. साधनांच्या मांडणीतील जुनी खिडकी आजही आहे. मात्र तिच्यातील प्रश्न उत्पादकांच्या अॅप्सविषयी व चिन्हांविषयी आहे, ड्रायव्हरचा त्यात उल्लेखही नाही. 'नाही' निवडल्यास साधन अपेक्षेप्रमाणे चालणार नाही, अशी धास्ती मात्र तेथेच लिहिलेली आहे.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात आणि नवे कर्नल बसवले तरी जुने निवडून संगणक सुरू करण्याची वाट सामान्यतः राखलेली असते.

स्वयंचलित वितरणाच्या विरोधात निवाडा देण्याची घाईही योग्य नाही. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखली गेलेली त्रुटी सापडली, तेव्हा प्रिंटर ड्रायव्हर बसवण्याची पद्धतच बदलावी लागली. सदोष ड्रायव्हर हे चोराला दार ठरू शकते. ते बंद करायला तातडी हवी. उलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीतील कर्नल ड्रायव्हरने वाचलेली एक सदोष माहितीफाइल स्वयंचलित मार्गाने पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. हे संगणक मुख्यतः संस्थांचे होते. हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. तातडीच्या मार्गावर तपासणी किती व्हावी, याचे उत्तर तेथेही अपुरेच होते.

होम आवृत्ती वापरणाऱ्या कुटुंबाच्या हाती आज जे उरते ते फार नाही, पण नगण्यही नाही. सुरक्षेचे अपडेट थांबवू नयेत. ऐच्छिक यादीतील ड्रायव्हर काही बिघाड असल्याखेरीज घेऊ नयेत. नीट चालणाऱ्या प्रिंटरचा वा स्कॅनरचा ड्रायव्हर उत्पादकाकडून उतरवून पेनड्राइव्हवर जपावा, आणि सिस्टीम रिस्टोअर चालू आहे याची खात्री करावी, कारण अनेक संगणकांवर ते बंद असते. प्रिंटरबाबत तर याची निकड वाढली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्गे पुरवणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. नव्या प्रिंटरना विंडोजमधील सर्वसाधारण ड्रायव्हर पुरेल. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रिंटरसाठी मात्र उत्पादकाच्या संकेतस्थळावरील फाइल, जोवर ती तेथे आहे तोवर, उतरवून ठेवलेली बरी.