जिभेवरचा पांढरा थर

आमच्या पुसदकडे तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले, की म्हाताऱ्या टाकणखाराची लाही मधात खलून बोटाने फिरवीत. (आज डॉक्टर दोन्हीला मनाई करतात.) कँडिडा ही यीस्ट जातीची बुरशी निरोगी तोंडातही निमूट राहते. त्यामुळे धडधाकट तरुणाच्या तोंडात ती माजली, तर शोध तिच्या मागे घ्यावा लागतो.

एड्सच्या इतिहासात हा धागा पहिल्याच कागदावर सापडतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली. गाजला तो त्यांचा दुर्मीळ न्यूमोनिया. पण पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता, हे वाक्य मला अधिक बोलके वाटते. १९८५ मध्ये बांगी येथे जागतिक आरोग्य संघटनेने रक्ततपासणीची सोय नसलेल्या आफ्रिकी दवाखान्यांसाठी एड्सची व्याख्या ठरवली, तेव्हा लक्षणांच्या यादीत तोंड-घशातली ही बुरशी होती. प्रयोगशाळा नाही तिथे टॉर्च आणि चमचा.

भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी पहिले एचआयव्हीबाधित नमुने शोधले. ते रक्तातून. तालुक्याच्या डॉक्टरला मात्र पुढे कित्येक वर्षे जीभच वाचावी लागली. खरवडल्यावर थर निघाला आणि खाली लाल, ठणकणारी त्वचा दिसली, तर कँडिडा. जिभेच्या कडेचा पांढरा पट्टा निघालाच नाही, तर दुसरे काही. रोग्याला या भेदाशी देणेघेणे नसते. ठेचा झोंबतो, भाकरी गिळवत नाही, आणि आधीच खंगलेले शरीर उपाशी राहते.

१ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत मोफत औषधे सुरू झाली, पण सर्वांना नाही. सीडी-४ पेशी किती आणि आजार कोणत्या टप्प्यावर, यावर ते ठरे. हटत नसलेला तोंडातला थर तिसऱ्या टप्प्यात मोडे, अन्ननलिकेत उतरला की चौथ्या. म्हणजे ज्या थराने माणूस गावात ओळखू येई, तोच त्याला औषधाच्या रांगेत पुढे नेई. २०१७ पासून बाधा कळताच औषध मिळते. प्रतिकारशक्ती सावरली की थर सहसा परतत नाही. तरीही कुणी तो घेऊनच पहिल्यांदा दवाखान्यात येतो, तेव्हा विषाणू त्याच्या शरीरात बहुधा काही वर्षे राहून गेलेला असतो.