गुहा आणि गुहामानव

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. तीत कोंडलेल्या बालकांना पारी कुपार लिंगोने मुक्त केले, अशी गोंड समाजाची श्रद्धा. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. ती बालके पूर्वज, म्हणून पूज्य. आपल्या लेखनात मात्र गुहा म्हटली की पाठीत वाकलेला, अर्धा पशू असा ‘गुहामानव’ उभा राहतो, आणि आदिवासींच्या वर्णनात तो नकळत (नेहमीच नकळत असे नव्हे) मिसळतो.

हे चित्र रूढ झाले ते मुख्यतः फ्रान्समधून. ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ साली सापडलेल्या निअँडरथल सांगाड्यावरून मार्सेलँ बूल यांनी ते रेखाटले. तो सांगाडा संधिवाताने ग्रासलेल्या वयस्काचा होता. निरोगी निअँडरथल ताठच चालत असणार, हे स्ट्रॉस आणि केव्ह यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. भेद होतेच, पण निराळे. कवटी लांबट व बसकी, मागे फुगवटा, भुवयांवर हाडाची जाड कमान, नाक रुंद, छाती पिंपासारखी, नडग्या आखूड, हनुवटी जवळजवळ नाहीच. मेंदू मात्र आकाराने आपल्यापेक्षा लहान नव्हता.

भारतात निअँडरथलचे निर्विवाद अवशेष मिळालेले नाहीत. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग सापडला. त्यांनी तो होमो इरेक्टसचा मानला. पुढे केनेथ केनेडी यांनी प्राचीन होमो सेपियन्सचा. कवटीसोबत जबडा नाही, त्यामुळे हनुवटीची साक्ष काढता येत नाही.