सरवा म्हणजे काय? शेतात उरलेलं धान्य कुणाचं?

कामोठ्यात आज टॉवर दिसतात, पण सिडको येण्याआधी इथे भातशेती होती. कापणीनंतर खाचरात राहिलेल्या लोंब्या वेचण्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : सरवा.

मालकाने पीक उचललं की उरलेलं गरिबाने वेचायचं, अशी रीत होती. गावाची मान्यता असल्याने वेचणाऱ्यावर चोरीचा आळ येत नसे.

हा कायदेशीर हक्क आहे का?

इंग्लंडमध्ये हा वाद कोर्टात गेला. १७८८ मध्ये ‘स्टील विरुद्ध हॉटन’ खटल्यात निकाल लागला, की असा सर्वसाधारण हक्क कुणालाच नाही.

आज सरव्याची गरज काय?

भाव पडला की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून २ रुपयांचा चेक मिळाला. अशा वेळी माल शेतातच सडतो.

अमेरिकेत स्वयंसेवक शेतकऱ्याला विचारून असा माल तोडतात आणि गरजूंपर्यंत पोहोचवतात. चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला तिथे १९९६ च्या कायद्याचं संरक्षण आहे.

भारतात काय?

शिल्लक अन्न वाटण्याचे एफएसएसएआयचे नियम १ जुलै २०२० पासून लागू आहेत. पण ते हॉटेल, केटरर अशा अन्न व्यावसायिकांसाठी आहेत. अन्नसुरक्षा कायदा शेतकऱ्याला आणि उभ्या पिकाला लागू होत नाही.

म्हणजे शेतातल्या सरव्याला आजही जुनाच आधार आहे : शेतकऱ्याची परवानगी आणि गावाची मान्यता. मजुरी आणि गाडीभाडं कोण उचलणार, एवढं ठरलं तर सडणारा माल कुणाच्या तरी ताटात जाईल.