माती, रान आणि कर्ज : ‘शेतकऱ्याचा असूड’चे एक तौलनिक वाचन

शेती, हवामान आणि ग्रामीण उपजीविका यांचा तोल कसा राखावा, हा प्रश्न एकविसाव्या शतकाने निर्माण केला असे सामान्यतः मानले जाते. भारत सरकारने २००८ मध्ये जाहीर केलेल्या हवामान बदलविषयक राष्ट्रीय कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी एक शाश्वत शेतीचे होते, आणि या विषयाची चर्चा बहुधा अशाच दस्तऐवजांपासून आरंभिली जाते. मराठी गद्याचा इतिहास मात्र हा आरंभ किमान सव्वाशे वर्षे मागे नेण्यास भाग पाडतो.

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षकपदी नेमणूक झाली. जंगलतोडीमुळे झरे आटतात व पर्जन्यमान घटते, ही धारणा तत्कालीन वसाहतींतील वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये प्रबळ होती आणि गिब्सनही तिचे पुरस्कर्ते होते. जहाजबांधणी व रेल्वे यांसाठी लागणाऱ्या लाकडाचा हेतू तिच्या जोडीला होताच. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ केली. म्हणजेच हवामानरक्षणाचा युक्तिवाद आणि गावाच्या वहिवाटीवरील निर्बंध आपल्याकडे बरोबरीने आले. १८७५ चे दख्खनचे दंगे आणि १८७६-७८ चा दुष्काळ ही याच दशकाची दुसरी बाजू होय.

या पार्श्वभूमीवर १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरील पालापाचोळा व मृत प्राण्यांचे कुजलेले सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतात येते, गायरानावर चरणारी जनावरे खत पुरवतात, रानमेवा अल्पभूधारकाला तगवतो. फॉरेस्टखात्याने डोंगर व गायराने आपल्या कक्षेत घेताच हे चक्र तुटते आणि कुणबी सावकाराच्या दारी जातो, अशी त्यांची मांडणी आहे. लष्कर व पोलीस यांच्याकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, नदी-तलावांतील गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊ द्यावा, गायराने गावांना परत करावीत, मात्र इमारती लाकूड तोडून विकण्यास मनाई असावी, असे उपाय ते सुचवतात. यातील अखेरची अट विशेष लक्षणीय आहे. संवर्धनाला त्यांचा विरोध नाही. संवर्धनाचा भार कोणी वाहावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

अन्य भारतीय भाषांतील समकालीन कृतींशी तुलना केल्यास हे वेगळेपण स्पष्ट होते. दीनबंधु मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ (१८६०) या बंगाली नाटकात निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम केंद्रस्थानी आहे, तर फकीरमोहन सेनापती यांच्या ‘छ माण आठ गुंठ’ या उडिया कादंबरीत (ग्रंथरूप १९०२) जमीनदाराने बळकावलेला विणकर दांपत्याचा जमिनीचा तुकडा. दोन्हींत जमीन ही प्रामुख्याने मालकी आणि सक्ती यांची भूमी आहे. फुले यांच्या गद्यात ती त्याशिवाय झिजणारी, धुपणारी, खताची भुकेली माती आहे; आणि तिची झीज व कुणब्याचे कर्ज ही एकाच कारणपरंपरेतील दोन टोके आहेत.

यावरून फुले यांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरवणे हा कालविपर्यास होईल. तथापि, केवळ शोषणाचा दस्तऐवज म्हणून हा ग्रंथ वाचला, तर त्यातील मातीविषयीचा विचार हरवतो. आणि शाश्वत शेतीचा पूर्वसूरी म्हणूनच वाचला, तर कर्ज हरवते. कर्बाची मोजदाद करणाऱ्या आजच्या धोरणासमोर, ही दोन्ही टोके एकत्र धरणारे गद्य आपल्या परंपरेत आहे, एवढे दाखवून देणे तौलनिक साहित्याभ्यासाला निश्चितच शक्य आहे.