मोशेची गोष्ट अर्धीच सांगू नका

बाबासाहेबांनी १९४१ साली मोशेवर इंग्रजीत स्वतंत्र लेख लिहिला. तेव्हापासून मिसरच्या गुलामगिरीतून आपल्या लोकांना बाहेर काढणारा मोशे आपल्या भाषणांत अधूनमधून येतो. पण आपण त्याची गोष्ट समुद्र ओलांडला की संपवतो. खरा धडा त्यानंतर सुरू होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हिब्रू ग्रंथातली ही कथा जशीच्या तशी इतिहास मानता येत नाही. लाखो लोक सिनायच्या वाळवंटात चाळीस वर्षे राहिले याचा पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही. 'इस्राएल' हे नाव ज्यात आढळते असा बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत जुना लेख म्हणजे मिसरचा राजा मेर्नेप्ताह याचा इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा शिलालेख. तो १८९६ साली फ्लिंडर्स पेट्री यांना सापडला. त्यात मोशेचा उल्लेख नाही.

मग ही कथा का वाचायची? कारण जगभरच्या समाजांनी आपले पूर्वज देव, सूर्य, राजे असल्याचे लिहून ठेवले, आणि या लोकांनी लिहिले की आमचे पूर्वज विटा पाडणारे गुलाम होते. गुलामी लपवायची नाही, लक्षात ठेवायची, हा निर्णय लहान नाही.

कथेतले तपशीलही बारकाईने पाहा. फारो विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद करतो, पण विटांची संख्या तेवढीच मागतो. पेंढा तुम्हीच गोळा करा. विटा कमी पडल्या की मार कोणाला? इस्राएली मुकादमांना. आणि हे मुकादम चिडतात कोणावर? मोशेवर! तू आलास म्हणून आमचे हाल वाढले, असे ते त्याला सुनावतात. चळवळीत काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग नवा वाटणार नाही.

पुढे वाळवंटात याच लोकांना मिसरमधले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवू लागतात. कनान देश पाहून आलेल्या बारा हेरांपैकी दहा जण सांगतात, तिथले लोक धिप्पाड, त्यांच्यापुढे आम्ही टोळासारखे. लगेच लोक म्हणतात, दुसरा पुढारी नेमा आणि मिसरला परत चला. साखळी तुटली होती, पण मनातला फारो जिवंत होता. मिसरमधून प्रौढ म्हणून निघालेल्या त्या पिढीतले कालेब आणि यहोशवा हे दोघेच नव्या देशात पोहोचतात. मोशेलाही तो देश डोंगरावरून फक्त दिसतो.

इथवरची गोष्ट आपल्याला आवडते. आता पुढचे पान उलटा.

सिनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळतात. त्यानंतर जे सविस्तर नियम येतात त्यांची सुरुवातच गुलामाच्या कायद्याने होते. हिब्रू पुरुष गुलामाला सातव्या वर्षी मोकळे करायचे. परक्यांमधून घेतलेला गुलाम मात्र वारशाने मुलांना देता येतो, असे लेवीय ग्रंथ सांगतो. म्हणजे काल सुटलेले लोक आज कायदा लिहायला बसले, तेव्हा त्यांनी गुलामी मोडली नाही, तिची वाटणी केली.

यहोशवाच्या काळात गिबोन गावचे लोक जीव वाचवण्यासाठी फाटके कपडे घालून, बुरसलेल्या भाकरी घेऊन येतात आणि दूरदेशीचे असल्याचे सांगून तह करतात. तीन दिवसांत खोटे उघडे पडते. शपथ घेतलेली असल्यामुळे त्यांना मारता येत नाही. मग शिक्षा ठरते : तुम्ही कायमचे लाकूडतोडे आणि पाणके. एका समाजाच्या कपाळावर पिढ्यानपिढ्यांचे काम लिहिले गेले. हे आपल्याला ओळखीचे नाही का?

याच ग्रंथात याच्या उलटही लिहिले आहे. शब्बाथच्या दिवशी तुझ्या दासदासींनाही विश्रांती मिळू दे, कारण तूही मिसरमध्ये दास होतास, अशी आज्ञा आहे. शनिवारी काम न करण्याचा हा नियम पाळला म्हणून कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला लोक 'शनवार तेली' म्हणू लागले. गुलामीच्या आठवणीतून आलेला नियम त्यांनी शेकडो वर्षे जपला. तरी त्यांच्यातही एकेकाळी 'गोरे' आणि 'काळे' अशी फळी पडली. गोऱ्यांचा काळ्यांशी बेटीव्यवहार नव्हता.

१८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापले गेले. त्यातून मिसरमधून सुटकेची कथा काढून टाकली होती. योसेफाने गुलाम म्हणून इमानाने चाकरी केल्याची कथा मात्र ठेवली होती. मालकांना नेमके कोणते पान नको होते, हे त्यावरून कळते. पण गिबोनचे पान गाळून मोशेची गोष्ट सांगणारे आपणही कात्रीच चालवतो. मालकांनी मुक्ती कापली, आपण मुक्तीनंतरची जबाबदारी कापतो.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानता म्हटले ती हीच. प्रत्येकाला वरच्याचा राग येतो आणि खाली कोणीतरी हवा असतो. म्हणून त्यांनी घटनेत सर्वांची अस्पृश्यता आणि सर्वांची वेठ बंद केली, फक्त आपल्या जातीची नाही. आज आपल्या वस्तीत पोटजात बघून सोयरीक होते. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या घरी आपण पाणी प्यायला कचरतो. अशा वेळी आपण मोशेच्या बाजूचे राहत नाही. आपण गिबोनच्या लोकांना पाणी भरायला लावणाऱ्यांच्या बाजूचे होतो.

पुढच्या वेळी व्यासपीठावर मोशेचे नाव घ्याल तेव्हा पूर्ण गोष्ट सांगा. आणि सभा संपल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा : आपले गिबोनी कोण?

जय भीम!