टोर्नेडो : अंदाजातून हद्दपार झालेला शब्द (थ्रेड)

१/ अमेरिकेच्या सरकारी हवामान अंदाजांत सुमारे सहा दशके एक शब्द निषिद्ध होता : टोर्नेडो. लोक घाबरतील, हे त्यामागचे कारण. या मौनाची आणि ते सुटण्याची ही कथा.

२/ टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला, भोवऱ्यासारखा फिरणारा वाऱ्याचा स्तंभ. समुद्रावर जन्मणारे चक्रीवादळ अनेक दिवस आधी दिसते. टोर्नेडो मात्र काही मिनिटांत अवतरतो. त्यामुळे वेळेवर मिळालेली सूचना हाच मुख्य बचाव.

३/ १८८४ मध्ये लष्कराच्या सिग्नल कोअरमधील जॉन फिन्ले यांनी टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज वर्तवले आणि ९५ टक्क्यांहून अधिक अचूकतेचा दावा केला. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी त्यातील मेख दाखवली : प्रत्येक वेळी ‘टोर्नेडो होणार नाही’ एवढेच सांगितले असते, तरी ९८ टक्के अंदाज बरोबर ठरले असते!

४/ शास्त्र अपुरे होते, हे खरेच. परंतु वरिष्ठांनी उपाय निवडला तो शब्दबंदीचा. टोर्नेडोपेक्षा त्याच्या भीतीनेच अधिक हानी होईल, अशी त्यांची धारणा होती. पुढे नागरी वेदर ब्युरोनेही हेच धोरण चालवले.

५/ १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतून एक टोर्नेडो साडेतीन तास धावत गेला. ६९५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना कोणतीही पूर्वसूचना मिळालेली नव्हती.

६/ कोंडी फुटली ती ओक्लाहोमातील टिंकर हवाईतळावर. २० मार्च १९४८ रोजी तेथे टोर्नेडोने प्रचंड नुकसान केले. अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या हवाईदलाच्या अधिकाऱ्यांनी त्या दिवसाचे नकाशे अभ्यासले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, आकाशात तीच लक्षणे दिसली. दुपारी त्यांनी अंदाज दिला, विमाने सुरक्षित जागी हलवली गेली आणि संध्याकाळी त्याच तळावर पुन्हा टोर्नेडो आला.

७/ १९५० मध्ये वेदर ब्युरोचे प्रमुख फ्रान्सिस रायकेलडर्फर यांनी हा शब्द वापरण्यास मोकळीक दिली. मार्च १९५२ पासून टोर्नेडोचे अंदाज थेट जनतेसाठी प्रसृत होऊ लागले.

८/ तरीही प्रश्न संपला नाही. ११ एप्रिल १९६५, पाम संडेचा दिवस. मध्य-पश्चिमेतील राज्यांत टोर्नेडोंच्या मालिकेने अडीचशेहून अधिक बळी घेतले. इशारे दिले गेले होते. पण ‘अंदाज’ कोणता आणि ‘इशारा’ कोणता, हा भेद अनेकांना उमगलाच नव्हता.

९/ त्यानंतर दोन संज्ञा रूढ झाल्या. ‘वॉच’ : परिस्थिती अनुकूल आहे, बातम्यांवर लक्ष ठेवा, आसरा ठरवून ठेवा. ‘वॉर्निंग’ : टोर्नेडो प्रत्यक्ष दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे, तत्क्षणी तळघरात जा, ते नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील बिनखिडकीच्या आतल्या खोलीत जा.

१०/ पहिल्या संज्ञेत तयारीचा अवधी आहे, दुसरीत तो संपलेला आहे. आपल्याकडील यलो, ऑरेंज आणि रेड अलर्टमागेही हेच चढत्या पायऱ्यांचे तत्त्व आहे. सत्य दडवल्याने लोक सुरक्षित होत नाहीत, हे १९२५ ने दाखवले. आणि न समजलेले सत्यही तारत नाही, हे १९६५ ने.